रशियाचे लांब पल्ल्याचे बॉम्बर (१९४१-४५) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातले बॉम्बर म्हटलं की आपल्याकडे लोकांना लँकेस्टर आठवतं, बी-१७ आठवतं, फार तर स्टुका. रशियाकडे पण लांब पल्ल्याच्या बॉम्बरची वेगळी फौजच होती असं सांगितलं की समोरचा आधी "काय सांगतोस!" म्हणतो आणि मग तेच ठरलेले दहा-बारा प्रश्न विचारतो. दर वेळी तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

एडीडी, एडीडी म्हणतात ते नक्की काय?

रशियन नावाची आद्याक्षरं आहेत, अर्थ सरळ आहे, लांब पल्ल्याचं हवाई दल. ५ मार्च १९४२ ला हे बनवलं. यात बघण्यासारखी गोष्ट अशी की ते रशियन हवाई दलाच्या प्रमुखाच्या हाताखाली नव्हतंच, थेट स्टावकाच्या म्हणजे सर्वोच्च मुख्यालयाच्या हाताखाली होतं, आणि मुख्यालय म्हणजे शेवटी स्टॅलिन. त्यामुळे आज रात्री कुठे जायचं हे बऱ्याचदा वरूनच ठरायचं. सुरुवातीला साडेतीनशेच्या आसपास विमानं होती आणि त्यातली जेमतेम निम्मी उडायच्या लायकीची. १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत हाच आकडा हजाराच्या वर गेला.

म्हणजे १९४२ च्या आधी काहीच नव्हतं?

होतं की. डीबीए नावाचं दल होतं आणि जर्मनीने हल्ला केला त्या दिवशी, २२ जून १९४१ ला, त्याच्याकडे तेराशेच्या वर विमानं होती. डिसेंबर येईपर्यंत अडीचशेच्या आसपास उरली. हे वाचून लोकांना वाटतं सगळी जमिनीवरच उडवली असतील. तसं नाही झालं. लांब पल्ल्याच्या रेजिमेंटांचे तळ सरहद्दीपासून बरेच आत होते, पहिल्या सकाळच्या तडाख्यातून त्यातले बरेच वाचले, मग पुढच्या आठवड्यांत आपल्याच लोकांनी ते भट्टीत घातले.

भट्टीत घातले म्हणजे?

जर्मन रणगाडे मिन्स्कच्या दिशेने सुसाट निघालेत, थांबवायला हाताशी काही नाही, मग हुकूम सुटला की लांब पल्ल्याचे बॉम्बर पाठवा. दिवसाढवळ्या, कमी उंचीवर, सोबत एक फायटर नाही. जे विमान रात्री सहा-सात हजार मीटरवरून जाऊन दूरचा कारखाना फोडायला बनवलंय त्याला रस्त्यावरच्या रणगाड्यांच्या रांगेवर पाठवायचं म्हणजे एसटी घेऊन शेत नांगरायला जाण्यासारखं. जर्मन फायटर नुसते टपून बसलेले असायचे. बेरेझिना नदीवरच्या पुलांसाठी ३० जूनला बॉब्रुइस्कजवळ जे झालं ते तर कत्तलच, तिथे टीबी-३ सारखी जुनी, चार इंजिनांची, चाकं आत न जाणारी संथ विमानं पण दिवसा पाठवली होती.

गास्तेल्लोचं नाव याच दिवसांतलं. कॅप्टन निकोलाय गास्तेल्लो, २०७ वी रेजिमेंट, २६ जून १९४१, जळतं विमान त्याने जर्मन गाड्यांच्या ताफ्यावर घातलं अशी गोष्ट अख्ख्या देशात शाळेत शिकवली गेली. पुढे १९५१ मध्ये रादोश्कोविचीजवळची कबर उघडली, भव्य स्मारक करायचं म्हणून, तर आत निघाल्या त्याच रेजिमेंटमधल्या मास्लोव्हच्या विमानातल्या लोकांच्या वस्तू! प्रकरण गुपचूप मिटवलं, स्मारक गास्तेल्लोचंच झालं, आणि मास्लोव्ह व त्याच्या साथीदारांना रशियाने हीरो हा किताब दिला तो थेट १९९६ मध्ये. कोण कुठे पडलं यावर लोक अजून भांडतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे की एकाच रेजिमेंटची दोन विमानं एकाच भागात अशाच कामावर गेली आणि दोन्ही परत आली नाहीत, त्या आठवड्याचं चित्र त्यातच आलं.

बर्लिनवर पहिले बॉम्ब याच लोकांनी टाकले ना?

रशियाकडून पहिले टाकले ते नौदलाच्या विमानांनी. इथे सगळेच घोळ घालतात. बाल्टिक ताफ्याची पहिली माइन-टॉर्पेडो रेजिमेंट, कर्नल येवगेनी प्रेओब्राझेन्स्की, तळ एस्टोनियाच्या सारेमा बेटावरचं काहुल हे गवताळ मैदान, तारीख ७ ऑगस्टची रात्र. विमानं डीबी-३. त्या बेटावरून बर्लिन साधारण ९०० किलोमीटर, बराचसा रस्ता समुद्रावरून, म्हणजे पेट्रोल जाऊन-येऊन कसंबसं पुरायचं, वाट चुकलात तर विषय संपला. सहा हजार मीटरच्या वर गेले की आतलं तापमान उणे ३५-४०, कॉकपिटच्या काचांवर बर्फ, चष्म्याच्या काचांवर बर्फ, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि त्या अवस्थेत खोख्लोव्ह हा नेव्हिगेटर नकाशावर रेघा मारत बसलेला. शहरात दिवे चालू होते, कारण पूर्वेकडून कोणी येईल हे बर्लिनच्या स्वप्नातही नव्हतं. बॉम्ब सुटल्यावर रेडिओ ऑपरेटर क्रोतेन्कोने तळाला कळवलं की जागा बर्लिन, काम झालं, परत येतोय.

दुसऱ्या दिवशी जर्मनांनी जाहीर केलं की इंग्रजांची विमानं आली होती. इंग्रज म्हणाले, आमचं एकही विमान त्या रात्री बर्लिनकडे गेलेलं नाही. हा भाग मला दर वेळी वाचताना मजा देतो.

४ सप्टेंबरच्या रात्रीपर्यंत हे चाललं. एकूण ८६ उड्डाणं, त्यातली ३३ बर्लिनपर्यंत पोचली, बाकीच्यांनी वाटेतली दुसरी शहरं गाठली. नुकसान फार झालं असं कोणी म्हणू नये. पण मधल्या काळात, २८ ऑगस्टला, जर्मनांनी मागचं टालिन शहरच घेतलं होतं, आणि हे तरीही त्या बेटावरून बर्लिनला जात होते! मॉस्कोहून दबाव होता की मोठे, हजार किलोचे बॉम्ब न्या. इंजिनं घासून संपलेली, धावपट्टी मातीची. दोन विमानं एवढं वजन घेऊन निघाली आणि टेकऑफलाच कोसळली, त्यानंतर तो हट्ट सुटला.

आणि ते चार इंजिनांचं मोठं विमान? त्याने पण बर्लिन केलं ना?

पे-८, तेव्हाचं नाव टीबी-७. ऑगस्ट १९४१ मध्येच, नौदलवाल्यांनंतर दोन-तीन दिवसांत, लेनिनग्राडजवळच्या पुश्किनहून ८१ व्या डिव्हिजनची पे-८ आणि येर-२ विमानं निघाली आणि जे काही झालं ते ऐकून डोक्याला हात लावाल. विमानांना बसवलेली नवी डिझेल इंजिनं हवेत बंद पडायला लागली, आपल्याच फायटरनी आणि आपल्याच तोफांनी शत्रू समजून गोळ्या घातल्या, कारण असं विमान आपल्याकडे आहे हेच खालच्यांना माहीत नव्हतं. डिव्हिजनचा कमांडर वोदोप्यानोव्ह, तोच उत्तर ध्रुवावर उतरलेला प्रसिद्ध पायलट, स्वतः विमान घेऊन गेला, बर्लिनवर बॉम्ब टाकले आणि येताना एस्टोनियाच्या जंगलात झाडांवर उतरला. वाचला. शेजारी बसलेला को-पायलट एंडेल पुसेप जातीचा एस्टोनियन, त्यामुळे गावकऱ्यांशी बोलायची सोय झाली. वोदोप्यानोव्हची कमांड गेली, त्याच्या जागी आला गोलोवानोव्ह.

हा गोलोवानोव्ह कोण? नाव कधी ऐकलं नाही.

ऐकलेलं नसणारच, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. अलेक्सांद्र गोलोवानोव्ह, जन्म १९०४, निझ्नी नोव्हगोरोदचा. आधी चेकामध्ये म्हणजे गुप्त पोलिसात, मग एरोफ्लोटमध्ये पायलट, सायबेरियातल्या इर्कुत्स्कला तिथल्या नागरी विमानसेवेचा प्रमुख. १९३७ च्या स्टॅलिनच्या धरपकडीत थोडक्यात सुटला.

१९४०-४१ च्या नववर्षाच्या पार्टीत त्याची गाठ पडली हवाई दलाचा आधीचा प्रमुख जनरल स्मुश्केविच याच्याशी. बोलता बोलता विषय निघाला की आपल्या बॉम्बर पायलटना ढगात आणि अंधारात उडता येत नाही, रेडिओच्या आधाराने दिशा धरता येत नाही, फिनलंडच्या युद्धात हे उघडं पडलं. स्मुश्केविच म्हणाला, स्टॅलिनला पत्र लिही, तुझ्यासारख्या नागरी पायलटने लिहिलेलं वेगळं दिसेल. याने लिहिलं. स्टॅलिनने बोलावून घेतलं आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये स्मोलेन्स्कला एक नवी रेजिमेंटच त्याच्या हातात दिली, २१२ वी, की घे, शिकवून दाखव. तिथून ऑगस्ट १९४१ ला डिव्हिजन, मार्च १९४२ ला अख्खं एडीडी, आणि १९ ऑगस्ट १९४४ ला चीफ मार्शल ऑफ एव्हिएशन. लेफ्टनंट कर्नल ते चीफ मार्शल, साडेतीन वर्षांत, वय चाळीस.

आता दुसरी बाजू. ज्याने पत्र लिहायला सुचवलं त्या स्मुश्केविचला जून १९४१ मध्ये, युद्धाच्या दोन आठवडे आधी, दवाखान्यातून उचललं आणि २८ ऑक्टोबरला गोळी घातली. त्याच दिवशी, त्याच जागी इव्हान प्रोस्कुरोव्हलाही घातली, जो लांब पल्ल्याच्या बॉम्बरांचा आधीचा मुख्य माणूस. म्हणजे खुर्ची तीच, माणसं बदलत गेली. गोलोवानोव्हचंही पुढे फार बरं झालं नाही, १९४८ ला त्याला हटवलं, १९५३ ला घरी बसवलं, १९७५ ला गेला.

विमानं कोणती होती?

खरा गाडा ओढला इल-४ ने. (आधी त्यालाच डीबी-३एफ म्हणायचे.) दोन इंजिनं, आत साधारण हजार किलो बॉम्ब, जवळचं टार्गेट असेल तर बाहेर टांगून अडीच हजारपर्यंत. पाच हजारांच्या वर बनली. अॅल्युमिनियम नव्हतं म्हणून १९४२ मध्ये पंखांचे बाहेरचे भाग लाकडी केले होते, विश्वास बसत नाही पण हेच बॉम्बर बर्लिनला जात होतं. एक मोठी खोड होती, ते हवेत स्वतःहून सरळ जायचंच नाही. ऑटोपायलट नाही, को-पायलट नाही, म्हणजे एकट्या माणसाने आठ-दहा तास दांडा धरून बसायचं, एक क्षण सोडलं की नाक वर किंवा खाली. नेव्हिगेटरपुढे नाकात एक सुटा दांडा होता, पण तो अडीअडचणीसाठी. आपल्याकडे रात्री मुंबई-नागपूर गाडी मारणाऱ्याला विचारा खांदे कसे होतात, मग हे उणे तिशीत आणि तोफा चालू असताना काय असेल याचा विचार करा.

पे-८ दिसायला दणदणीत, पण एकूण ९३ च बनले. याची एक गंमत सांगतोच. आतल्या दोन इंजिनांच्या मागच्या टोकाला, पंखामागे, एकेक गनर बसायचा. म्हणजे समोर गरम इंजिन, मागे गार वारा, हातात १२.७ मिलिमीटरची मशीनगन आणि बाकीच्या लोकांपासून तो पूर्ण तुटलेला. पाच टनी बॉम्ब पण याच विमानाने टाकला, पहिला एप्रिल १९४३ च्या शेवटी क्योनिग्सबर्ग या जर्मन शहरावर. बॉम्ब एवढा जाड की पोटाची दारं पूर्ण मिटायची नाहीत.

बाकी येर-२ (मूळ कल्पना बार्तिनी या रशियात आलेल्या इटालियन डिझायनरच्या विमानातून), अमेरिकेकडून आलेलं बी-२५ मिचेल, आणि ली-२. ली-२ म्हणजे आपलं डाकोटाच, रशियात लायसन्सवर बनवलेलं. दिवसा पोती आणि माणसं, रात्री पोटाखाली बाहेरून टांगलेले टनभर बॉम्ब. हसू नका, आपल्या हवाई दलाने १९७१ मध्ये एएन-१२ या मालवाहू विमानातून बॉम्ब टाकलेतच.

मोलोटोव्हला बॉम्बरमधून अमेरिकेला नेलं ही थाप आहे का?

थाप नाही. मे १९४२, परराष्ट्रमंत्र्याला लंडन आणि वॉशिंग्टनला जायचंय आणि मध्ये जर्मनांच्या ताब्यातला युरोप. १९ मेच्या संध्याकाळी पे-८ निघालं, पायलट तोच पुसेप, जंगलातल्या झाडांवरून वाचलेला. रात्री आघाडी ओलांडून, उंचावरून, २० मेच्या सकाळी स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ टीलिंगला उतरलं. पुढे आइसलंड, कॅनडातलं गूज बे आणि २९ मेला वॉशिंग्टन. आणि त्याच वाटेने परत! खरं तर हे उड्डाण अस्यामोव्हने करायचं होतं, पण तो आधीच्या चाचणी फेरीत इंग्लंडला गेला आणि तिथे एका ब्रिटिश विमानाच्या अपघातात मेला.

अंधारात वाट कशी सापडायची?

गोलोवानोव्हचा सगळा भर याच्यावरच होता. विमानात रेडिओ कंपास, त्याचा काटा चालू असलेल्या स्टेशनकडे वळतो, ते कुठलंही स्टेशन चालतं, गाणी लावणारं सुद्धा. स्वतःच्या हद्दीत रेडिओ बीकन आणि प्रकाशाचे दिवे यांची साखळी लावली. टार्गेटवर सगळे एकदम जायचे नाहीत, आधी अनुभवी लोक जाऊन पॅराशूटचे दिवे सोडायचे, आग लावायचे, मग मागचे येऊन त्या उजेडात बॉम्ब टाकायचे, आणि काही विमानं मुद्दाम सर्चलाइट आणि तोफांवर सोडलेली असायची.

मग रोज जर्मनीवरच जायचे का?

नाही, आणि मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. नाव लांब पल्ल्याचं, काम मात्र बहुतेक जवळचं. युद्धात या दलाची साधारण २ लाख २० हजार उड्डाणं झाली, त्यात जर्मनीच्या पोटात जाणारी अगदी थोडी. बाकीच्या रात्री ओर्योल, ब्रियान्स्क, स्मोलेन्स्क, गोमेल, मिन्स्क इथल्या रेल्वे जंक्शनवर गेल्या. जर्मन सैन्याचा दारूगोळा, रणगाडे, पेट्रोल सगळं रेल्वेनेच यायचं. यार्डात उभी दारूगोळ्याची एक मालगाडी पेटली की आजूबाजूच्या चार रुळांसकट सगळं जातं, आणि पुढचे काही दिवस आघाडीवरचा तोफखाना गोळे मोजून वापरतो. याच्या बातम्या होत नाहीत. बर्लिनची बातमी होते.

बर्लिन, क्योनिग्सबर्ग, डान्झिग, बुडापेस्ट यांच्यावर ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ मध्ये जे हल्ले झाले ते जास्त करून जगाला दाखवायला, स्टालिनग्राडची वेळ होती आणि आम्ही अजून जिवंत आहोत हे सांगायचं होतं. तेव्हा बर्लिनच्या वरून अलेक्सांद्र मोलोदचीने थेट स्टॅलिनच्या नावाने रेडिओ संदेश धाडला, काम झालं म्हणून. तसा तो भारीच माणूस, ३११ उड्डाणं, दोनदा सोव्हिएत संघाचा हीरो, आणि युद्ध संपल्यावरही जिवंत.

हेलसिंकी बेचिराख केलं होतं म्हणतात, खरं?

बेचिराख करायला गेले होते. फेब्रुवारी १९४४, तीन रात्री, ६, १६ आणि २६ तारखेच्या, मिळून दोन हजारांच्या वर उड्डाणं आणि सोळा हजारांच्या वर बॉम्ब. हेतू फिनलंडला युद्धातून बाहेर पडायला लावायचं. शहरात प्रत्यक्ष पडले त्यातले पाच टक्क्यांच्या आसपास! फिनिश लोकांनी जर्मन रडार आणून ठेवलं होतं, त्यावर तोफा जोडून त्या विमानांच्या वाटेत आगीची भिंत उभी करायच्या, एकेका विमानाला नेम धरत बसायच्या नाहीत. ती भिंत बघून बरेच पायलट अलीकडेच, समुद्रावर बॉम्ब सोडून वळायचे. शिवाय शहराबाहेर बेटांवर मुद्दाम आगी पेटवलेल्या, वरून वाटावं शहरच जळतंय. परत आल्यावर रिपोर्टमध्ये मात्र सगळं टार्गेटवर. उगाच त्यांना नावं ठेवत नाही, सहा हजार मीटरवरून रात्री आग दिसली तर कोणीही हेच लिहील. शहरात दीडशेच्या आसपास माणसं मेली. फिनिश बॉम्बर एकदा तर परतणाऱ्या रशियन विमानांच्या रांगेतच मिसळून लेनिनग्राडजवळच्या तळांपर्यंत गेले आणि विमानं उतरत असताना बॉम्ब टाकून आले.

नाइट विचेस म्हणजे याच ना?

नाही! त्या बायकांची रेजिमेंट वेगळी, पो-२ ही छोटी लाकडी-कापडी विमानं, आघाडीच्या जवळचं काम, एडीडीशी संबंध नाही. एडीडीत होती वालेन्तिना ग्रिझोदुबोवा. १९३८ मध्ये मॉस्को ते अतिपूर्व अशा विक्रमी उड्डाणासाठी हीरो झालेली. १०१ व्या रेजिमेंटची कमांडर, आणि हाताखाली जवळजवळ सगळे पुरुष. ली-२ घेऊन ही मंडळी शत्रूच्या मागे जंगलात पार्टिझन म्हणजे गनिमी लढवय्यांकडे जायची. खाली चार शेकोट्या ठरलेल्या आकारात पेटलेल्या, तेवढ्या उजेडात बर्फावर उतरायचं, दारूगोळा आणि औषधं उतरवायची, जखमी आणि लहान मुलं भरायची, उजाडायच्या आत परत. मला विचाराल तर एडीडीचं सगळ्यात चांगलं काम हेच. १९४४ मध्ये तिचं आणि गोलोवानोव्हचं वाजलं, तिने वर तक्रार केली, चौकशी तिच्या विरोधात गेली आणि रेजिमेंट सुटली.

इंग्लंड-अमेरिकेसारखे हजार-हजार मोठे बॉम्बर का नाही बनवले?

धातू, इंजिनं आणि वेळ. एका पे-८ ला लागणाऱ्या चार इंजिनांत चार इल-२ (रणगाड्यांवर हल्ला करणारं एका इंजिनाचं विमान) किंवा दोन इल-४ होतात, आणि रणगाडे दारात असताना कोणीही इल-२ च निवडेल. बरोबरच निवड होती.

शेवट काय झाला?

६ डिसेंबर १९४४ ला एडीडीचं स्वतंत्र अस्तित्व संपलं, ते १८ वी हवाई सेना म्हणून नेहमीच्या हवाई दलात गेलं. गोलोवानोव्ह त्या वर्षी बराच आजारी होता. ७ एप्रिल १९४५ ला क्योनिग्सबर्गवर पाचशेहून जास्त बॉम्बर गेले, भर दिवसा, सोबत फायटर, अख्ख्या युद्धात या लोकांनी असं आधी केलेलं नव्हतं. १९४१ च्या जूनची आठवण असलेले काही जण त्यात असतीलच, त्यांना दिवसाचा उजेड बघून काय वाटलं असेल देव जाणे. १६ एप्रिलला पहाटेआधी बर्लिनच्या वाटेवरच्या झेलोवच्या टेकड्यांवर, आणि मग बर्लिन. एप्रिल १९४६ मध्ये लांब पल्ल्याचं दल पुन्हा वेगळं उभं केलं.

आपल्याकडच्या कशाशी याचा संबंध आहे का?

लहानपणी गुळगुळीत कागदाच्या रशियन मासिकांनी वह्यांना कव्हरं घातली, त्यात ही विमानं असायची, तो एक. दुसरा खरा संबंध गोव्याचा. १९८८ मध्ये नौदलाची टीयू-१४२ ही अजस्र विमानं दाबोळीला आली, चार वर्षांनी ती तमिळनाडूत अरक्कोणमला गेली आणि २०१७ ला निवृत्त झाली. लोकांना वाटतं ही पे-८ ची नातवंडं. पण घराण्याचा माग काढत गेलात तर टीयू-१४२ च्या मागे टीयू-९५, त्यामागे टीयू-८५, त्यामागे टीयू-४, आणि टीयू-४ म्हणजे १९४४ मध्ये व्लादिवोस्तोकला येऊन उतरलेल्या अमेरिकन बी-२९ ची रशियनांनी नट-बोल्ट उघडून केलेली नक्कल. दाबोळीच्या धावपट्टीवर उभ्या त्या विमानाच्या पोटाची गोलाई, २.९ मीटर, बी-२९ चीच होती.